जकात, खैरात, हक्क

आमच्या भाईंदरजवळच्या सिल्व्हर पार्कच्या आसपास 'जकात' म्हटलं की दोन शेजाऱ्यांना दोन वेगळ्या गोष्टी आठवतात. एकाला दहिसरचा चेकनाका, तिथं लागणारी ट्रकची रांग आणि पावत्या फाडणारी चौकी. दुसऱ्याला रमजान. वर्षभर शिल्लक राहिलेला पैसा, घरातलं सोनं यांचा हिशेब मांडायचा, अडीच टक्के बाजूला काढायचे आणि गरजूंपर्यंत पोचवायचे. अरबीत जकातीच्या मुळाशी वाढ आणि शुद्धी असे दोन्ही अर्थ आहेत. गरिबाचा वाटा काढून दिला की उरलेली संपत्ती स्वच्छ होते, ही त्यामागची श्रद्धा.

हा शब्द नाक्यावर कसा आला? सुलतानांच्या अमलात व्यापाऱ्याच्या मालावरची जकात वाटेवरच्या चौक्यांवर वसूल होई. पुढं चौकी राहिली, वसुली राहिली, गरीब तेवढा शब्दातून निसटला. शिवकाळात मराठीत जकात म्हणजे मालावरचा करच होता. बारदेशातून येणारं पोर्तुगीज मुलखातलं मीठ स्वस्त पडत होतं, म्हणून त्यावर जबर जकात बसवावी, असं शिवाजी महाराजांनी 1671 साली कुडाळच्या सरसुभेदाराला कळवलं. मिठागरांच्या कडेनं वाढलेल्या भाईंदरच्या माणसाला या पत्राचं मोल वेगळं सांगायला नको. इथं कर होता, पण त्यामागं आपल्या मुलखात मीठ पिकवणाऱ्याच्या पोटाची काळजीही होती. जुना अर्थ त्या पत्रात थोडा जागा झाला असं मला वाटतं. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि मुंबईच्या वेशीवरची जकात संपली.

खैरातीचं मात्र वाईट झालं. 'खैर' म्हणजे भलं, त्याचं अनेकवचन खैरात, म्हणजे भली कामं. मराठीत आता 'सवलतींची खैरात' असा मथळा आला की उधळपट्टीच समजायची. हा वापर मला खुपतो. अन्नसुरक्षा कायदा 2013 साली झाला. त्यानंतर रेशनच्या धान्याला खैरात म्हणणं म्हणजे घेणाऱ्याच्या पदरात कायद्यानं पडलेलं माप पुन्हा देणाऱ्याच्या उपकारात जमा करणं.

आपल्या 'धर्म' शब्दाची चालही पाहण्यासारखी आहे. 'धृ' म्हणजे धारण करणं, त्यावरून धर्म. पण दारात हात पसरून उभा राहिलेला माणूस 'धर्म करा माय' म्हणतो, तेव्हा त्याला तत्त्वज्ञान नको असतं, भाकरी हवी असते. दानधर्म, धर्मशाळा, धर्मार्थ दवाखाना हे सगळे शब्द याच अर्थावर उभे आहेत. ज्यानं माणसाला तोलून धरायचं, तो धर्म भाकरीत पाहणारी ही भाषा मला फार मोठी वाटते. तरीही या साऱ्या शब्दांत एक हात वर आहे आणि एक खाली.

हे दोन्ही हात एका पातळीवर आणणारा शब्द 'हक्क'. अरबीत 'हक्क' म्हणजे सत्य, आणि ते अल्लाच्या नावांपैकी एक नावही आहे. श्रीमंताच्या संपत्तीत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा हक्क असतो, ही कुराणातली कल्पना याच शब्दात मांडलेली आहे. मराठीत तो शिरला तो वतनदारांच्या कागदांतून. पाटलाचे हक्क, देशमुखाचे हक्क. ज्यांच्याकडं आधीच सगळं होतं, त्यांच्याच नावापुढं तो कित्येक शतकं लिहिला गेला. मार्च 1927 मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क बजावला गेला, तेव्हा तो ज्यांना ओंजळभर पाणी नाकारलं होतं त्यांचा झाला. त्या लढ्याचे पुढारी डॉ. आंबेडकर पेशानं वकील होते. 'वकील' हेही अल्लाच्या नावांत आहे: ज्याच्यावर आपलं काम विश्वासानं सोपवावं तो.

खाडीपलीकडं वसईत या जुन्या अर्थाचा वकील एका पाद्र्याच्या झग्यात दिसला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो 'सुवार्ता' मासिकाचे अनेक वर्षं संपादक होते. सुवार्ता म्हणजे शुभवर्तमान. पण 'वार्ता' शब्दाचा जुना अर्थ बातमी एवढाच नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शेती, पशुपालन आणि व्यापार मिळून वार्ता होते, म्हणजे चरितार्थाची विद्या. फादरांनी दोन्ही अर्थ सांभाळले. बिल्डरांच्या दांडगाईविरुद्ध, हिरव्या वाड्या गिळणाऱ्या नगररचनेविरुद्ध हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनाचं त्यांनी नेतृत्व केलं. टँकरनं उपसल्या जाणाऱ्या विहिरी हा त्यांच्या लेखी श्रद्धेचाच प्रश्न होता. पोप फ्रान्सिस यांचं 'लाउदातो सी' हे वसुंधरेविषयीचं परिपत्रक आणि इस्तंबूलचा हवामानबदलाविषयीचा इस्लामी जाहीरनामा, दोन्ही 2015 चे. वसईत ही भाषा त्याच्या कितीतरी आधी बोलली जात होती.

आता राहिला 'धर्मादाय'. धर्मादाय रुग्णालय म्हटलं की मेहेरबानीचा वास येतो. पण मुंबई उच्च न्यायालयानं 2006 साली मंजूर केलेल्या योजनेनुसार या रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. शिवाय बिलांतून 2 टक्के निर्धन रुग्ण निधीत जमा करावे लागतात. हे पुष्कळांना ठाऊक नसतं. नातेवाईक काउंटरवर हात जोडून 'साहेब, काहीतरी कमी करा' म्हणत उभे राहतात. अशा वेळी मशिदीतला, चर्चमधला किंवा देवळातला एखादा कार्यकर्ता सोबत जातो, रेशनकार्ड आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला पुढं ठेवतो आणि योजनेतली खाट मागतो. सवलत नाही, योजनेतली खाट. नकार मिळाला तर धर्मादाय आयुक्तांकडं तक्रार करतो. त्याला मी वकीलच म्हणेन, सनद असो वा नसो.