विमानतळ नसलेल्या जिल्ह्यातले विमानाचे नियम

बुलढाणा जिल्ह्यात तेरा तालुके आहेत, लोणारचे सरोवर आहे, सिंदखेडराजा आहे, शेगाव आहे. प्रवासी विमानतळ मात्र नाही. मलकापूरचा माणूस विमानासाठी जळगाव गाठतो, देऊळगावराजाचा छत्रपती संभाजीनगरकडे वळतो. त्यामुळे विमानतळावर कोणी उतरावे, कोणी आत यावे, कोणी बाहेर थांबावे, याचे नियम हा इथल्या वाचकाला परका विषय वाटेल. मला तो तसा वाटत नाही. हे नियम वाचत गेलो तेव्हा लक्षात आले की, त्यांतले बरेचसे कुंपणाबाहेरच्या माणसासाठीच लिहिलेले आहेत. आणि कुंपणाबाहेर तर आपण सगळेच आहोत.

पहिला प्रश्न आकाशाच्या मालकीचा. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून नैनीपर्यंत टपाल नेले आणि त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने हवाई जहाजांचा कायदा केला. १९१९च्या पॅरिस करारात ठरले की, प्रत्येक राष्ट्राची आपल्या भूमीवरच्या आकाशावर संपूर्ण सत्ता राहील. हे तत्त्व वऱ्हाडाला लावले की गंमत होते. १८५३पासून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात होते. १९०२मध्ये कर्झनने निजामाकडून ते वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेतले. म्हणजे कारभार इंग्रजांचा, पण भूमी कागदोपत्री निजामाचीच. ब्रिटिश हिंदुस्थानाचे कायदे इथे आपोआप लागू होत नसत, ते वेगळे लागू करावे लागत. १९३५च्या कायद्याने वऱ्हाड मध्यप्रांताशी एका कारभारात जोडले गेले, तरीही १९४१मध्ये अनेक मध्यवर्ती कायदे वऱ्हाडला लावण्यासाठी स्वतंत्र ‘बेरार लॉज अ‍ॅक्ट’ करावा लागला. बुलढाण्याच्या शेतकऱ्याच्या डोक्यावरचे आभाळ कोणाचे, या प्रश्नाचे सरळ उत्तर तोवर नव्हते.

दरम्यान कायद्याची घडी बसत होती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईच्या जुहूला उतरले. १९३४मध्ये विमान कायदा आला आणि १९३७मध्ये त्याखालचे विमान नियम. आजच्या नियमावलीचा सांगाडा तोच. विमान नोंदलेले हवे, त्यावर राष्ट्रीयत्वाची व नोंदणीची अक्षरे हवीत, ते उडण्यास योग्य असल्याचा दाखला हवा, चालवणाऱ्याकडे परवाना हवा. विमानतळांपुरता कळीचा नियम ७८वा. भाडे घेऊन प्रवासी वा माल नेणारी विमाने जिथे नियमित उतरणार, ती जागा परवानाधारकच हवी. ‘नियमित’ हा शब्द महत्त्वाचा. धावपट्टी असणे वेगळे आणि विमानतळ असणे वेगळे, हा फरक त्यातून निघतो.

शेजारच्या अकोल्याकडे पाहिले की तो फरक उमगतो. शिवणीची धावपट्टी १९४३मध्ये, महायुद्धाच्या काळात, सार्वजनिक बांधकाम खात्याने बांधली. तिची लांबी सुमारे बाराशे मीटर. लहान विमानाला ती पुरते, प्रवासी सेवेच्या विमानाला अपुरी पडते. लांबी वाढवायची तर शेजारी पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची जमीन. ऐंशी वर्षांहून जुनी धावपट्टी असलेले अकोला थांबून राहिले आणि अमरावतीच्या बेलोऱ्याहून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची सेवा सुरू झाली.

आता पाहुण्याकडे वळू. १९३७च्या नियमावलीतला ९०वा नियम सांगतो की, विमानतळाच्या इमारतीत जायचे तर प्रवेशपत्र हवे. एके काळी हे प्रवेशपत्र म्हणजे रेल्वेच्या फलाट तिकिटाचा भाऊ होते. माणसे नुसती विमाने पाहायला जात. १९७६च्या अपहरणानंतर १९७८मध्ये नागरी विमान सुरक्षेचा स्वतंत्र कक्ष निघाला. डिसेंबर १९९९च्या कंदाहार प्रकरणानंतर, फेब्रुवारी २०००पासून, जयपूरपासून सुरुवात करून विमानतळांच्या दारांवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल आले. पाहुणा हळूहळू संशयित झाला. त्यात वावगे काही नाही, कारणे खरी होती. पण पोहोचवायला आलेल्या म्हाताऱ्या आईने दाराबाहेरूनच हात हलवायचा, ही रीत त्यातून पडली.

सगळ्यांत बोलका नियम ९१वा. विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून दहा किलोमीटरच्या परिघात कोणी जनावर कापू वा सोलू नये; गिधाडे वा इतर पक्षी येतील अशी घाण टाकू नये. मांसाची दुकाने, मासळीची दुकाने, हाडांच्या गिरण्या यांचा त्यात नावानिशी उल्लेख आहे. महासंचालक लेखी परवानगी देऊ शकतात. पक्षी इंजिनात शिरला तर विमान पडू शकते, म्हणून नियम रास्तच. पण दहा किलोमीटरचे वर्तुळ म्हणजे तीनशे चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्र. त्यात कितीतरी गावे, कितीतरी खाटीक आणि ढोर-चांभारांचे पिढीजात धंदे येतात. आणखी एक उपरोध: ज्या गिधाडांच्या भीतीने हा नियम झाला, ती १९९०नंतर डायक्लोफिनॅक दिलेल्या जनावरांची मढी खाऊन जवळजवळ संपली. औषधाचा जनावरांसाठीचा वापर २००६मध्ये बंद झाला. गिधाडे नियमावलीत मात्र जिवंत राहिली. १९३४च्या कायद्याचे कलम ‘९अ’ तर विमानतळाभोवतीच्या इमारतींची आणि झाडांची उंचीही ठरवू शकत असे. आंब्याने किती वाढावे, याचा निर्णय मग दिल्लीत होई.

बुलढाण्यात यातले एकही वर्तुळ नाही. इथे येते ते निवडणुकीचे हेलिकॉप्टर: शाळेच्या मैदानावर चुन्याचे वर्तुळ, मधोमध ‘एच’, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी, धूळ बसवायला पाण्याचा टँकर, अग्निशामक गाडी आणि दोराबाहेर उभे गाव. दुसरे अलीकडचे यंत्र म्हणजे कपाशी-सोयाबीनवर फवारणी करणारा ड्रोन. २०२१च्या ड्रोन नियमांनी नकाशा हिरव्या, पिवळ्या, लाल भागांत वाटला. विमानतळापासून दूरच्या हिरव्या भागात चारशे फुटांपर्यंत उडवायला परवानगी लागत नाही. मात्र यंत्राची नोंदणी आणि चालवणाऱ्याचे प्रमाणपत्र लागते. बचत गटातली बाई आता कायद्याच्या भाषेत विमानचालक आहे. १९३४चा कायदा जाऊन १ जानेवारी २०२५पासून भारतीय वायुयान अधिनियम आला, तो तिलाही लागू आहे.

१८७०मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते खामगावची रेल्वे सुरू झाली, ती कापसासाठी. रूळ आले तेव्हा रुळांचे नियम कोणाच्या रोजगारावर बसतील, हे गावाला कोणी विचारले नव्हते. उद्या जिल्ह्यात विमानतळाची मागणी जोर धरील, धरावीही. आजारी माणसाला आणि शिकायला जाणाऱ्या पोराला त्याचा उपयोगच आहे. माझे म्हणणे एवढेच की, धावपट्टीच्या आराखड्याबरोबर ते दहा किलोमीटरचे वर्तुळही ग्रामसभेपुढे मांडावे. त्यात कोणाचे दुकान, कोणाचे झाड, कोणाचा मजला येतो, हे आधी वाचून दाखवावे आणि भरपाईचे बोलणे जमीन मोजण्याच्या दिवशीच व्हावे. इतिहासातून एवढे शहाणपण घेतले, तर वऱ्हाडच्या आभाळाला निदान या वेळी खालच्या माणसांची संमती असेल.