फाळक्यांचे डोळे आणि आपले

त्र्यंबकेश्वरी 30 एप्रिल 1870 रोजी जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळक्यांनी 1910-11 च्या सुमारास मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहिला, आणि त्यांना दुसरे काही सुचेनासे झाले. रोज चित्रपट पाहायचे, रात्री जागून अभ्यास करायचा! शेवटी डोळ्यांनीच दगा दिला. काही काळ दिसेनासे झाले. उपचारांनी दृष्टी परत आली, म्हणून आपल्याकडे चित्रपट आला.

वाचकहो, या डोळ्यांची कामाची रीत मोठी गमतीची आहे. रामकुंडावरच्या साऱ्या पणत्या एकदम दिसल्या असे आपल्याला वाटते. वस्तुतः हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढाच भाग एका वेळी लख्ख दिसतो. म्हणून नजर सेकंदाला साधारण तीन उड्या घेत या पणतीवरून त्या पणतीवर जाते. 1879 साली प्रागच्या एवाल्ट हेरिंग यांनी पापण्यांवर रबरी नळ्या टेकवून, वाचताना डोळ्यांच्या स्नायूंचा होणारा आवाज ऐकला. नजर ओळीवरून सरकत नव्हती. थांबत होती, उडी घेत होती.

मग जग हिसके खाताना का दिसत नाही? आरशात आधी आपल्या एका डोळ्याकडे, मग दुसऱ्याकडे पाहा. शेजारच्याला बुबुळे हललेली दिसतील, तुम्हांला नाही. उडीच्या क्षणी मेंदू दृष्टी मंद करतो. पण डोळा अगदी स्थिर झाला तरीही पंचाईतच! 1950 नंतरच्या प्रयोगांत, डोळ्याबरोबरच हलेल अशी केलेली प्रतिमा काही क्षणांत विरून गेली.

फाळक्यांच्या यंत्रापुढे हाच पेच होता. चित्र दिव्यापुढे क्षणभर थांबते. फिल्म पुढे ओढली जाताना झडप प्रकाश अडवते. झडप नसती तर पडद्यावर नुसते फराटे दिसले असते. फिल्म ओढण्यासाठी तिच्या कडांना भोके लागत. कोऱ्या फिल्मला अंधारात ती पाडण्याचे काम सरस्वतीबाई फाळके करीत. पतीच्या डोळ्यांवरचे संकट पाहिलेल्या त्या माउलीने स्वतः काळोखात बसून हे कष्ट उपसले!

3 मे 1913 रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. त्याच वर्षी फाळक्यांनी बिऱ्हाड नाशकास हलविले. 16 फेब्रुवारी 1944 रोजी येथेच त्यांचे डोळे कायमचे मिटले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे.

हा लेख वाचताना तुमच्या डोळ्यांनीही शेकडो उड्या घेतल्या. आता त्यांना थोडी विश्रांती द्या. फराळाचे ताट वाट पाहत आहे.