शेपटीमागे सहा डॉलर

कॉयपू हा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पाण्याकाठी राहणारा कृंतक. आपल्याकडच्या घुशीपेक्षा कितीतरी मोठा. वजन पाच ते नऊ किलो, पुढचे दात नारिंगी, शेपूट उंदरासारखे गोल. अमेरिकेत त्याला न्यूट्रिया म्हणतात. मऊ फरसाठी गेल्या शतकात तो देशोदेशी नेला गेला आणि सुटला तिथे त्याने दलदली पोखरल्या. त्याच्याविरुद्ध सरकारांनी चालवलेल्या मोहिमांचे अहवाल आणि शोधनिबंध मी बरीच वर्षे वाचत आलो आहे. मी प्राणिशास्त्रज्ञ नाही आणि इतिहासाचे रीतसर शिक्षणही मी घेतलेले नाही. माझे कुतूहल हिशेबाचे आहे : सरकारने पैसा मोजला तो नेमका कशासाठी?

लुइझियानात या प्राण्याबद्दल एक दंतकथा रूढ आहे. टॅबॅस्को सॉसवाल्या घराण्यातील एडवर्ड मॅकिलहेनी यांनी तो अर्जेंटिनाहून आणला आणि वादळात पिंजरे फुटून तो पसरला, असे सांगतात. त्याच कंपनीचे इतिहासकार शेन बर्नार्ड यांनी जुने कागद तपासून ही कथा खोडून काढली. मॅकिलहेनींनी १९३८मध्ये ही जनावरे राज्यातल्याच एका व्यापाऱ्याकडून घेतली होती. त्यांच्या आधीही तिथे इतरांनी ती पाळली होती. पुढे त्यांनी ती मोकळी सोडली, तीही जाणूनबुजून. दंतकथेमुळे सारा दोष एका माणसावर आणि एका वादळावर जातो. सरकारचा वाटा मात्र नजरेआड होतो.

तो वाटा मोठा आहे. जलपर्णी खाऊन कालवे मोकळे करणारा प्राणी म्हणून न्यूट्रियाचा प्रसार झाला. भात आणि उसाची नासाडी सुरू झाली, तेव्हा १९५८मध्ये त्याचे कायदेशीर संरक्षण काढले गेले. पण फरला भाव येताच १९६५मध्ये तो पुन्हा संरक्षित यादीत आला. सत्तरच्या दशकात एकेका हंगामात अठरा लाखांपर्यंत कातडी निघत. दलदल तगून होती ती या बाजाराच्या जोरावर. ऐंशीच्या दशकाअखेर फरचा बाजार कोसळला, फासेपारधी घरी बसले आणि न्यूट्रिया वाढत गेले. ते गवत मुळासकट खातात. मुळे गेली की चिखल धरून ठेवणारे काही उरत नाही आणि जमिनीच्या जागी उघडे पाणी येते. १९३०च्या दशकापासून लुइझियानाने सुमारे ५,२०० चौरस किलोमीटर किनारी जमीन गमावली आहे. मिसिसिपीचे बांध आणि तेल कंपन्यांचे कालवे ही त्याची मोठी कारणे. न्यूट्रियाने त्या जखमेवर मीठ चोळले.

२००२पासून तिथे शेपटीमागे चार डॉलर मिळू लागले, पुढे पाच आणि २०१९पासून सहा. नोंदणीकृत शिकाऱ्याने शेपटी आणून दाखवायची आणि पैसे घ्यायचे. वर्षाला चार लाखांपर्यंत शेपट्या हे उद्दिष्ट. या योजनेने नासधूस बरीच घटली, हे मान्य करायला हवे. परंतु तिला शेवट नाही. जनावर विरळ झाले की सहा डॉलरसाठी होडीचे इंधन जाळणे परवडत नाही. शिकारी थांबतो आणि उरलेली जोडपी पुन्हा वाढतात.

इंग्लंडचा अनुभव वेगळा. तिथे ईस्ट अँग्लियात १९३०च्या दशकात फरच्या फार्मांतून कॉयपू सुटले. १९६२मध्ये मोहीम सुरू झाली, पाठोपाठच्या कडाक्याच्या हिवाळ्याने बहुतेक जनावरे मेली. पण काम पुरे झाले नाही आणि सत्तरच्या दशकात संख्या पुन्हा चढली. १९८१च्या मोहिमेत मात्र पगारी चोवीस फासेपारधी नेमले गेले. अडचण उघड होती : शेवटचा कॉयपू मेला की या माणसांची नोकरीही जाणार. त्यावरचा तोडगा मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय वाटतो. दहा वर्षांच्या मुदतीत निर्मूलन झाले, तर प्रत्येकाला कमाल तीन वर्षांच्या पगाराएवढा बोनस मिळणार होता. सुमारे पस्तीस हजार जनावरे पकडून १९८९मध्ये, मुदतीआधीच, ते काम संपले.

इंग्लंडचे क्षेत्र लहान होते आणि थंडीची साथ होती. लुइझियानाच्या अफाट, उबदार दलदलीला तोच मापदंड लावणे अन्यायाचे होईल. तरी मेरीलँडचे उदाहरण डोळ्यांआड करता येत नाही. चेसापीक उपसागराच्या काठी २००२पासून पगारी पथकाने पट्ट्यामागून पट्टा पिंजून काढला. शेवटची जनावरे हुडकायला प्रशिक्षित कुत्री आणली, नसबंदी करून रेडिओ-पट्टा बांधलेले न्यूट्रिया सोडून त्यांच्यामागून कळप गाठले. सुमारे चौदा हजार जनावरे काढली गेली. शेवटचे २०१५मध्ये सापडले. तरीही शोध सात वर्षे चालू ठेवून, मगच २०२२मध्ये निर्मूलन जाहीर झाले.

त्या सात वर्षांत दाखवायला एकही शेपटी नव्हती आणि तरी पगार दिले गेले. शेपट्या मोजणाऱ्या योजनेत अशा खर्चाला रकानाच नसतो. मला वाटते, निर्मूलन आणि नियंत्रण यांतला खरा फरक तिथेच आहे.