परिगणना प्रकार व मिक्सिन वर्ग

संगणकाच्या आज्ञावलीत एखाद्या राशीला मोजकीच व आधी ठरविलेली मूल्ये असू शकतात. अशा मूल्यांना नावे देऊन बनविलेल्या प्रकाराला परिगणना प्रकार किंवा एनम म्हणतात. आठवड्याचे वार, रहदारीच्या दिव्यांचे रंग ही त्याची परिचित उदाहरणे होत. मिक्सिन ही संज्ञा वर्गाच्या म्हणजे क्लासच्या संदर्भातील आहे. एका जातीच्या वस्तूंजवळ कोणती माहिती असावी व त्यांनी कोणत्या क्रिया कराव्यात, हे सांगणारा आराखडा म्हणजे वर्ग. मिक्सिन हा स्वतंत्रपणे वापरावयाचा वर्ग नसून दुसऱ्या वर्गात मिसळून त्याला जादा गुणधर्म देण्यासाठी रचलेला असतो. या दोन कल्पना निरनिराळ्या गरजांतून निर्माण झाल्या. पायथॉन भाषेत त्या २०१४ मध्ये एकत्र आल्या आणि परिगणनेच्या सदस्याने संख्येसारखे वागावे की नाही, या जुन्या प्रश्नाचा निर्णय आज्ञावली लिहिणाऱ्याकडे सोपविला गेला.

परिगणनेचा उगम : प्रारंभीच्या संगणकभाषांत वार दर्शविण्यासाठी सोमवारला १, मंगळवारला २ असे अंक योजावे लागत. लाल दिव्यासाठीही १ हाच अंक योजला असेल, तर सोमवार व लाल दिवा समान आहेत, असे संगणक बिनतक्रार मान्य करी. चूक ध्यानात येई ती उत्तर चुकल्यावरच. स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे निक्लाउस विर्ट यांनी १९७० च्या सुमारास तयार केलेल्या पास्कल भाषेत केवळ नावांची यादी देऊन नवा प्रकार निर्माण करण्याची सोय झाली. वार व रंग हे भिन्न प्रकार ठरल्यामुळे त्यांची सरमिसळ आज्ञावली चालविण्यापूर्वीच, तिचे यंत्रभाषेत रूपांतर होताना नाकारली जाऊ लागली. सी. ए. आर. होर यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या विवेचनात या प्रकाराची तात्त्विक बाजू मांडली.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी रचलेल्या सी भाषेने मात्र वेगळी वाट धरली. तीत नंतर आलेल्या परिगणनेची नावे पूर्णांकच राहिली व १९८९ च्या प्रमाण सी भाषेनेही ते कायम ठेवले. त्यामुळे सोय झाली. पण पास्कलने दिलेले संरक्षण मिळाले नाही. पुढे खुद्द विर्ट यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ओबेरॉन भाषेतून परिगणना वगळली. एकदा दिलेली नावांची यादी आज्ञावलीच्या दुसऱ्या विभागातून वाढविता येत नाही, ही अडचण त्यामागील कारणांपैकी एक होती.

मिक्सिनचा उगम : मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेत लिस्प यंत्रासाठी १९८० च्या सुमारास फ्लेवर्स ही प्रणाली विकसित झाली. तीत मिक्सिन ही संज्ञा रूढ झाली. तिचे मूळ आइसक्रीमच्या दुकानात आहे. जवळच्या समरव्हिल गावी स्टीव्ह हेरेल यांनी १९७३ मध्ये काढलेल्या दुकानात साध्या आइसक्रीममध्ये गिऱ्हाइकाच्या पसंतीप्रमाणे सुकामेवा, बिस्किटे किंवा गोळ्या मिसळून देत व या जिनसांना मिक्सिन म्हणत. त्याच धर्तीवर मूळ वर्गात लहानलहान वर्ग मिसळण्याची कल्पना पुढे आली. गिलाड ब्राखा व विल्यम कुक यांनी १९९० मध्ये तिची शास्त्रशुद्ध मांडणी केली.

पायथॉनमधील संयोग : गीडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसृत केलेल्या पायथॉन भाषेत अनेक वर्गांचा वारसा एकाच वेळी घेता येतो, परंतु परिगणना नव्हती. तिच्यासाठी २००५ मध्ये आलेला प्रस्ताव पुरेशा उत्सुकतेअभावी मागे पडला. बॅरी वॉर्सा, एली बेंडरस्की व ईथन फरमन यांचा प्रस्ताव २०१३ मध्ये स्वीकारला गेला आणि २०१४ मधील ३.४ या आवृत्तीत एनम वर्ग उपलब्ध झाला.

वर्गाची व्याख्या वाचली जाताच प्रत्येक सदस्याची एक आणि एकच वस्तू तयार होते. साध्या एनमचा सदस्य संख्येबरोबर समान ठरत नाही. लहानमोठेपणाची तुलना केल्यास संगणक दोष दाखवितो. सदस्य असलेल्या परिगणनेपासून उपवर्ग काढता येत नाही, म्हणजे विर्ट यांना खटकलेली बंदिस्तता येथे हेतुपुरस्सर राखली आहे. अनेक परिगणनांना समान क्रिया हव्या असतील, तर त्या मिक्सिनमध्ये अथवा सदस्य नसलेल्या मूळ परिगणनेत लिहून प्रत्येकीला देता येतात. वर्गांच्या यादीत मिक्सिन आधी व एनम शेवटी लिहावा लागतो. एखादी क्रिया शोधताना यादी सामान्यतः डावीकडून पाहिली जात असल्यामुळे मिक्सिनमधील क्रिया प्रथम सापडते.

मिक्सिन दोन तऱ्हेचे असतात. केवळ क्रिया पुरविणारे मिक्सिन कितीही घेता येतात. पूर्णांक किंवा अक्षरमाला यांसारखा मूल्यप्रकार मिसळला, तर प्रत्येक सदस्य त्या प्रकाराचीही वस्तू बनतो. म्हणून परस्परांशी न जुळणारे दोन मूल्यप्रकार एकत्र घेता येत नाहीत. पूर्णांक मिसळलेला इंटएनम हा वर्ग भाषेबरोबरच मिळतो. संगणकांमधील संपर्काच्या विभागात पूर्वी साध्या संख्या वापरल्या जात. त्यांच्या जागी २०१४ मध्ये इंटएनमचे सदस्य आले, तरी जुन्या आज्ञावल्या चालू राहिल्या.

मर्यादा : या सोयीची किंमत द्यावी लागते. इंटएनममधील सोमवार व दुसऱ्या इंटएनममधील लाल दिवा या दोहोंचे मूल्य १ असेल, तर ते पुन्हा समान ठरतात. जो घोटाळा टाळण्यासाठी परिगणना जन्मास आली, तो मूल्यप्रकार मिसळताच परत येतो. सदस्य छापताना नाव दाखवावे की मूल्य, याविषयीही संदिग्धता होती. २०२२ मधील ३.११ या आवृत्तीत हे नियम बदलले. इंटएनमचा सदस्य छापल्यास मूल्य दिसू लागले व अक्षरमालेसाठी स्ट्रएनम हा स्वतंत्र वर्ग आला. मात्र अक्षरमाला व एनम स्वतः जोडून बनविलेल्या जुन्या वर्गांचे सदस्य मजकुरात गुंफले असता मूल्याऐवजी नाव उमटू लागले. म्हणून नव्या आज्ञावलीत साधा एनम वापरणे आणि जुन्या संख्यांशी किंवा बाह्य प्रणालींशी मेळ राखणे अपरिहार्य असेल तेथेच मूल्यप्रकार मिसळणे इष्ट मानले जाते.