तान्ह्या पोटातला गुबारा

तान्हे मूल दिवेलागणीच्या सुमारास एकाएकी रडू लागावे, त्याने मुठी आवळून पाय पोटाशी ओढावेत, तोंडाशी दिलेला स्तन झिडकारावा, आणि घरातील वडील स्त्रीने त्याचे ताठरलेले पोट चाचपून ‘गुबारा धरलाय’ असा निर्णय द्यावा, हा प्रसंग महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या घडत आलेला आहे. राज्यांच्या बखरी झाल्या, त्यांची दफ्तरे रुमालांत बांधून ठेवली गेली. या दुखण्याला मात्र स्वतःची बखर नाही. त्याचा इतिहास वैद्यकाच्या ग्रंथांतून, घरातील सहाणेवरून आणि, दुर्दैवाने, अफूच्या व्यापाराच्या कहाणीतून वेचून गोळा करावा लागतो.

आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी कौमारभृत्य हे एक अंग. त्याचा प्रमुख ग्रंथ जी काश्यपसंहिता, ती शतकानुशतके लुप्तप्राय होती. नेपाळचे राजगुरू हेमराज शर्मा यांच्या संग्रहातील खंडित पोथीवरून ती 1938 मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात छापली गेली. जे मूल बोलू शकत नाही त्याची वेदना वैद्याने कशी ओळखावी, या एकाच प्रश्नाला तिच्यात स्वतंत्र अध्याय वाहिलेला असून, उदरशूळाने पीडित मूल स्तनपान टाकते, रडते, त्याचे पोट ताठ होते आणि मुखावर घाम येतो, असे त्याचे लक्षण सांगितले आहे. ग्रंथकाराने असंख्य पाळण्यांपाशी स्वस्थपणे बसून पाहिल्यावाचून हे वर्णन उतरणे शक्य नाही, असे मला वाटते. सुश्रुताने मुलांचे क्षीरप, क्षीरान्नाद आणि अन्नाद असे तीन वर्ग करून, केवळ दुधावर असलेल्या मुलाच्या आजारात औषध दूध पाजणारीलाही द्यावे, असा दंडक घातला. बाळंतिणीने वाल, वाटाणा, हरभऱ्याची डाळ असले वातुळ पदार्थ वर्ज्य करावेत, जेवणानंतर ओवा आणि बाळंतशोपा चावाव्यात, हे आपल्याकडील पथ्य त्याच विचारसरणीतले आहे; शास्त्रीवैद्यांच्या पोथीत आणि अक्षरशत्रू सुइणीच्या तोंडी एकच विचार नांदावा, ही गोष्ट मला मोठी लक्षणीय वाटते.

परंतु घरोघरचा खरा वैद्य म्हणजे बाळगुटी. मुरुडशेंग, हिरडा, वेखंड, अतिविष, जायफळ, मायफळ, सुंठ, हळकुंड, ज्येष्ठमध, काकडशिंगी, खारीक, बदाम असा तिचा सरंजाम एका पुरचुंडीत बांधलेला असे, आणि स्नान आटोपल्यावर आजी सहाण मांडून एकेक जिन्नस आईच्या दुधात उगाळीत असे. येथे मासे-गुंजांचे माप नव्हते. माप होते ते सहाणेवर उगाळण्याच्या वेढ्यांचे. कोणत्या जिनसाचे किती वेढे घ्यावेत, शौचास पातळ होत असता कोणता वाढवावा, पोट धरले असता कोणता गाळावा, हे मुलाकडे पाहून त्या त्या दिवशी ठरे, आणि महिन्यागणिक वेढे वाढत. मळसूत्रासारखा पीळ असलेली मुरुडशेंग पोटातील पिळावर चालते, या श्रद्धेत आकृतिसाम्याचा भाग असला, तरी रोज मुलाकडे निरखून पाहण्याची जी शिस्त या पद्धतीत होती ती खोटी नव्हती. तथापि वेखंड किंवा जायफळ यांचा एखादा वेढा अधिक झाल्यास मूल गुंगते, आणि न धुतलेल्या सहाणेवरून जंतू पोटात जातात, हेही तितकेच खरे आहे. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये आणि वर्षाच्या आत मध चाटवू नये, हा आजच्या बालरोगतज्ज्ञांचा सल्ला मी परंपरेच्या अभिमानापेक्षा श्रेष्ठ मानतो.

गुटीपेक्षा मला अधिक मोलाचे वाटतात ते हातांचे उपचार. न्हाऊ घालणारी बाई लांब पसरलेल्या पायांवर मुलाला घेई, तेलाच्या हाताने नाभीभोवती गोल चोळी, गुडघे दुमडून हलकेच पोटाशी दाबी, आणि अडलेला वारा सरला की तिला स्वतःलाच सुटका झाल्यासारखे वाटे. हिंग पाण्यात कालवून बेंबीभोवती लावीत, विड्याच्या पानाला तेल लावून ते शेकून पोटावर ठेवीत, आणि पाजून झाल्यावर मुलाला खांद्याशी उभे धरून ढेकर येईपर्यंत पाठीवर थोपटीत. यांत मुलाच्या पोटात काहीच जात नव्हते. त्याला मिळत होती ती ऊब, स्पर्श आणि कोणाचा तरी निवांत वेळ.

हा वेळ जेथे हिरावला गेला, तेथे या इतिहासाचे सर्वांत काळे पान उघडते. कोकणातून आणि घाटावरून मुंबईच्या गिरण्यांत आलेल्या स्त्रियांना ना आजी सोबत होती, ना सहाण. 1891 च्या कारखाना कायद्याने स्त्रियांच्या कामाचे तास अकरावर आणले, यावरूनच त्यापूर्वीची स्थिती कळावी. बारा फुटांच्या खोलीत तान्हे मूल टाकून रिळाखात्यात उभे राहणाऱ्या आईने ते निजून राहावे म्हणून त्याला बाळागोळी द्यावी, आणि त्या गोळीत अफू असावी, ही चाल गिरणगावात सर्रास होती. अफूने गुबारा सरत नाही. उलट आतड्यांची गती मंदावते, मलावरोध होतो, भूक मरते आणि मात्रा चढल्यास श्वास थांबतो. मूल गप्प होते एवढेच. अफू हा सरकारच्या परवान्याखालील, खजिन्यात घसघशीत भर टाकणारा माल होता, आणि 1893 साली नेमलेल्या शाही अफू आयोगाने 1895 च्या अहवालात प्रचलित व्यवस्था बहुतांशी कायमच ठेवली. आईला दोष देणारे पुष्कळ भेटले; पण तिला घरी राहता यावे म्हणून झटणारे थोडे. सभासद आसवले यांनी मुंबई कायदेमंडळात मांडलेल्या प्रसूतिरजेच्या विधेयकाला 1928 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जोरदार पाठिंबा दिला आणि 1929 मध्ये तो कायदा झाला. तान्ह्या मुलांच्या पोटदुखीवर या इलाख्यात झालेला तो सर्वांत थोर उपचार होय, असे मी विचारपूर्वक म्हणतो. इंग्लंडातही कारखान्यांच्या शहरांत गॉडफ्रे कॉर्डियल नावाच्या अफूमिश्रित औषधाने आया कामावर असताना हजारो मुले निजविली जात होती.

त्याच इंग्लंडातील नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड या औषधविक्रेत्याने 1851 मध्ये आपले ग्राइप वॉटर सिद्ध केले. त्यात शेपांचे तेल, खाण्याचा सोडा, साखर आणि मद्यार्क होता. पुढे ती बाटली हिंदुस्थानात आली, मद्रासच्या टी. टी. कृष्णम्माचारी यांच्या पेढीने ती गावोगाव पोहोचविली, आणि गिरगावच्या के. टी. डोंगरे कंपनीच्या बालामृताशेजारी ती मराठी घरांच्या फडताळांत बसली. शेपा म्हणजे आपल्या बाळंतशोपाच. आईच्या विड्यातील जिन्नस आता मुलाच्या चमच्यात आला, इतकाच फरक. मद्यार्क पुढे काढून टाकण्यात आला.

या साऱ्या औषधांना यश कशाने येत होते, याचा उलगडा बराच उशिरा झाला. 1954 मध्ये अमेरिकेतील डॉ. वेसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, दिवसाचे तीन तासांहून अधिक, आठवड्यात तीन दिवसांहून अधिक आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ रडणाऱ्या, एरवी निरोगी मुलांची व्याख्या बांधली. हे रडणे सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिगेला पोहोचते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आपोआप ओसरते. रडताना गिळलेली हवा पोट फुगविते, म्हणून पुष्कळदा गुबारा हा रडण्याचे कारण नसून परिणाम असतो. तिसऱ्या महिन्यात जे औषध चालू असेल त्याच्या पदरी श्रेय पडे.

मेळघाटात मात्र अजूनही पोट फुगलेल्या तान्ह्या मुलाला भूमक्याकडे, म्हणजे गावच्या मांत्रिक-वैदूकडे, नेऊन तापलेल्या विळ्याने पोटावर डाग दिले जातात. या डागण्याला तेथे ‘डंबा’ म्हणतात, आणि डाग दिलेली अर्भके आजही रुग्णालयांत दाखल होत आहेत. केवळ गुन्हे नोंदवून ही चाल थांबणार नाही. रात्री-अपरात्री पाड्यावर पोहोचणारी परिचारिका आणि वाहन ज्या दिवशी भूमक्याच्या झोपडीपेक्षा जवळ येईल, त्या दिवशी ती थांबेल. वाचकांना एवढेच सांगणे आहे, की हिरवी उलटी, शौचावाटे रक्त, ताप, दूध पिणे बंद होणे किंवा दगडासारखे ताठ पोट यांपैकी काहीही दिसल्यास तो साधा गुबारा समजू नये. मुलाला त्याच रात्री डॉक्टरांकडे न्यावे.