पहिल्या महायुद्धातील मराठा शिपाई : शिस्त, शिक्षा आणि मानसिक आघात

पहिल्या महायुद्धातील मराठा पलटणींचा इतिहास प्रामुख्याने पराक्रमाचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. तो खोटा नाही, अपुरा आहे. मेसोपोटेमियातील कुत-अल-अमारा येथे ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात तुर्की वेढ्यात १०३, ११० व ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. उपासमार, स्कर्व्ही आणि तोफांचा मारा यांनी सैन्य खचले. घोड्याचे मांस खाण्यास हिंदी शिपायांनी दीर्घकाळ नकार दिला, तेव्हा जनरल टाउनशेंड यांना हिंदुस्थानातील धर्मगुरूंची संमती मागवावी लागली.

मात्र प्रत्येक नकाराला अशी सवलत नव्हती. १९११ च्या हिंदी लष्कर कायद्यानुसार भरणाऱ्या समरी कोर्ट मार्शलमध्ये पलटणीचा कमांडिंग अधिकारी एकटाच न्यायाधीश असे. सोबत बसणाऱ्या दोघांना मताधिकार नसे. (स्वतंत्र भारताच्या १९५० च्या लष्कर कायद्यातही कलम ११६ अन्वये ही तरतूद कायम आहे.) ब्रिटिश सैन्यातील फटक्यांची शिक्षा १८८१ मध्ये रद्द झाली, हिंदी शिपायासाठी ती १९२० पर्यंत टिकली.

भीतीकडे पाहण्याची दृष्टीही अशीच दुहेरी होती. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी फ्रान्समधील नव्ह शापेल येथे बॉम्बे सॅपर्सच्या दोन कंपन्यांचे सर्व ब्रिटिश अधिकारी ठार वा जखमी झाले. त्याच सुमारास हिंदी शिपायांच्या हातावरील जखमांविषयी संशय बळावला. ब्रायटन येथील किचनेर रुग्णालयाचे कर्नल ब्रूस सीटन यांनी १,००० जखमा तपासल्या. त्या स्वतः करून घेतल्याचा पुरावा त्यांना आढळला नाही. फेब्रुवारी १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स यांनी ‘लॅन्सेट’मध्ये ‘शेल शॉक’ या अवस्थेची चर्चा केली, पण ती ब्रिटिश सैनिकांच्या संदर्भात होती. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीवरून वेडसरपणासाठी ‘डूलॅली’ हा शब्द इंग्रजीत रूढ झाला, तोही जहाजाची वाट पाहणाऱ्या गोऱ्या शिपायामुळे. त्याच्या विकाराला निदान थट्टेचे का होईना, नाव मिळाले. हिंदी शिपायाच्या बाबतीत पहिला प्रश्न आजाराचा नव्हे, गुन्ह्याचा होता.

ब्रिटनच्या २००६ च्या सशस्त्र दल कायद्याने ३०६ सैनिकांना मरणोत्तर माफी मिळाल्याचे सर्वत्र सांगितले जाते. त्या कायद्याच्या कलम ३५९ मध्ये १९११ च्या हिंदी लष्कर कायद्याचाही समावेश आहे, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. या माफीने मूळ दोषसिद्धी वा शिक्षा रद्द होत नाही, हेही त्याच कलमात नमूद आहे.