ड्रॅगन-नौकेचा सराव आणि व्हँकूवरचा प्रयोग

नाळेवर ड्रॅगनचे कोरीव शिर बसवलेल्या लांब, अरुंद नौकांच्या शर्यती दक्षिण चीनमध्ये चिनी पंचांगातील पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी होत आल्या आहेत. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात मिलुओ नदीत देह टाकणाऱ्या च्यू युआन या कवीला शोधण्यासाठी लोकांनी नावा घातल्या, अशी या प्रथेची सर्वपरिचित कथा आहे. तथापि वन यीदुओ यांच्यासारख्या विसाव्या शतकातील अभ्यासकांनी हा विधी कवीच्याही आधीचा मानला. कथेच्या आकर्षणामुळे एक बाब सहसा नजरेआड होते: हा उष्ण, दमट महिना रोगराईचा समजला जाई, आणि दारावर दवण्याच्या जातीची उग्र वासाची वनस्पती टांगण्यासारखे या सणाचे अनेक आचार आजार घराबाहेर ठेवण्यासाठीच होते.

या प्रथेला आंतरराष्ट्रीय खेळाचे रूप आले ते 1976 मध्ये, जेव्हा हाँगकाँगच्या पर्यटन संस्थेने परदेशी संघाला शर्यतीसाठी बोलावले. पुढे 1991 मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. प्रमाणित नौकेत दोघांच्या दहा रांगांत वीस वल्हवणारे बसतात, पुढे ढोलवादक असतो आणि मागच्या टोकाला सुकाणू सांभाळणारा उभा असतो. वल्हे नौकेला जखडलेले नसून दोन्ही हातांत मोकळे धरलेले असते, त्यामुळे वल्हवणाऱ्याचे तोंड प्रवासाच्या दिशेला राहते आणि त्याला पुढच्या रांगांतील वल्ही दिसतात.

सरावाची सारी पद्धत या दिसण्यावर उभी आहे. ढोलाच्या ठोक्यावर नौका चालते असा प्रेक्षकांचा समज असला तरी प्रत्यक्षात पहिल्या रांगेतील जोडी लय ठरवते, मागचे तिच्याकडे पाहून वल्हे टाकतात आणि ढोलवादक तीच लय सर्वांच्या कानी घालतो. वल्हवणारा कमरेतून वळून पुढे झुकतो, पाते पाण्यात पूर्ण बुडवतो आणि मगच ओढतो. ओढ दंडातून न येता पाठीच्या व धडाच्या मोठ्या स्नायूंतून यावी लागते, कारण नुसत्या हातांच्या बळावर 500 मीटरची शर्यतही निभत नाही. एखाद्याने जोर लावण्याच्या भरात पाते क्षणभर आधी टाकले तर ते पुढच्याच्या वल्ह्यावर आपटते, म्हणून बलवान पण बेताल माणसापेक्षा मध्यम ताकदीचा, लय न सोडणारा माणूस संघाला अधिक उपयोगी ठरतो. नवख्यांना हे पटवणे हे प्रशिक्षकाचे सर्वांत चिवट काम असते.

1986 च्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने हाँगकाँगच्या अशा नौका कॅनडातील व्हँकूवरला पोहोचल्या आणि दहा वर्षांनी तेथेच त्यांचा एक अनपेक्षित उपयोग झाला. स्तनांच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत अनेकदा काखेतील लसिकाग्रंथीही काढल्या जातात; ऊतींमधील जादा द्रव वाहून नेणारा मार्ग त्यामुळे खंडित होतो आणि हाताला कायमची सूज येऊ शकते. ही लसिकासूज टाळण्यासाठी जड उचलू नये, हाताला पुन्हापुन्हा श्रम देऊ नयेत, असा सल्ला त्या काळी सर्रास दिला जाई. हा सल्ला पुराव्यापेक्षा काळजीतून आलेला असावा असे वाटल्याने ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील क्रीडावैद्यकतज्ज्ञ डॉन मॅकेन्झी यांनी 1996 मध्ये नेमका वर्ज्य मानलेलाच व्यायाम निवडला, आणि 31 ते 62 वर्षे वयाच्या, या आजारातून गेलेल्या 24 स्त्रियांचा संघ उभा केला.

त्यांना थेट नौकेत बसवले गेले नाही. आधी व्यायामशाळेत ताण देण्याचे, स्नायुबळाचे आणि दमश्वासाचे व्यायाम क्रमाक्रमाने वाढवले गेले, मग पाण्यावरचा सराव सुरू झाला, आणि हातांवर वैद्यकीय लक्ष ठेवले गेले. या टप्प्याटप्प्याच्या वाढीतच प्रेरणेचे मूळ शोधले पाहिजे. दवाखान्यात ज्या हाताची केवळ जपणूक होत होती, त्याच हाताने मागील आठवड्याहून अधिक वल्हवता येते हे प्रत्येकीला स्वतः अनुभवता आले. शिवाय रांगेत शेजारी बसलेलीला त्या हाताविषयी काहीच समजावून सांगावे लागत नव्हते. आजारावर बोलण्यासाठी भरवलेल्या गटात न येणाऱ्या स्त्रियाही सरावाला येऊ शकतात, हे या योजनेचे बलस्थान होते, कारण येथे बोलणे ऐच्छिक होते आणि वल्हवणे सक्तीचे.

मॅकेन्झी यांनी 1998 मध्ये कॅनडाच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात आपला अनुभव मांडला: सहभागी स्त्रियांपैकी कोणालाही नव्याने लसिकासूज आली नव्हती. 24 जणींच्या आणि तुलनेसाठी दुसरा गट नसलेल्या प्रयोगावरून वैद्यकीय नियम बदलत नसतात, आणि तसे व्हायलाही नको. परंतु त्याने प्रश्न खुला केला. 2009 मध्ये लसिकासूज असलेल्या 141 स्त्रियांवरील अमेरिकेतील नियंत्रित चाचणीत देखरेखीखाली हळूहळू वाढवलेल्या वजनांच्या व्यायामाने सूज वाढत नसल्याचे दिसले, तेव्हा जुन्या सल्ल्याचा पाया बराच ढिला झाला.

दरम्यान गुलाबी रंग मिरवणारे असे संघ अनेक देशांत निघाले. 2010 मध्ये त्यांचा आंतरराष्ट्रीय आयोग स्थापन झाला आणि 2018 मध्ये फ्लॉरेन्सला भरलेल्या त्यांच्या महोत्सवात शंभराहून अधिक संघ उतरले. आयोगाचे धोरण जिंकण्यापेक्षा सहभागाला महत्त्व देते. ते राबवणे मात्र सोपे नाही, कारण लय जमलेल्या संघाला आपण किती वेगाने जाऊ शकतो हे पाहण्याची ओढ लागतेच, आणि त्याच नौकेत नुकतेच उपचार संपवून आलेली स्त्रीही बसलेली असते; तिच्या बेताने सराव ठेवावा की वेगवान जोड्यांच्या, हे प्रत्येक प्रशिक्षकाला नव्याने ठरवावे लागते.